वाढत्या अंगाचं माप

१

दर शनिवारी सकाळी दहा वाजता मी आणि आई त्या जिन्याने वर जायचो. खाली दातांचा दवाखाना होता आणि वर ताईंची खोली. ताई म्हणजे आईवर उपचार करणाऱ्या बाई. घरी बाबा त्यांना श्वासताई म्हणत, कारण कुठल्याही प्रश्नावर त्यांचं पहिलं उत्तर "आधी एक सावकाश श्वास सोडा" हेच असायचं.

"नळाला पाणी नाही आलं तर काय करायचं, तेही विचारून ये गं," बाबा मला म्हणाले होते. आई हसली नाही. ती आठ महिने हसली नव्हती.

आठ महिन्यांपूर्वी लाँचच्या धक्क्यावर माझा धाकटा भाऊ फळीवरून पाण्यात पडला आणि गेला. साडेचार वर्षांचा होता. आम्ही त्याला टिल्लू म्हणायचो. त्या दिवसापासून आईच्या डाव्या हाताची मूठ मिटलेली होती, ती उघडत नव्हती. हाडांच्या डॉक्टरांनी हाडं ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं. नसांच्या डॉक्टरांनी नसा ठीक आहेत म्हणून सांगितलं. नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून बाबा रोज सकाळी मऊ कापडाची वळी करून तिच्या मुठीत सरकवायचे.

आई शिंपीण आहे. लहान मुलांचे कपडे शिवते. मशीनवर कापड पुढे सरकवायला डावाच हात लागतो, त्यामुळे मशीनवर चादर टाकलेली होती आणि चादरीवर बाबांचे शर्ट साठत चालले होते.

"शरीर हट्टी असतं," ताई पहिल्या दिवशी म्हणाल्या. "मनाची समजूत काढता येते. शरीर मात्र जिथे थांबलं तिथेच उभं राहतं. आपण त्याला ओढायचं नाही. त्याच्याजवळ जाऊन बसायचं."

मला हे आवडलं. माझ्याशी कुणी असं वागलं असतं तर मीही कदाचित जास्त बोलले असते.

२

ताईंच्या खोलीत एक भिंतीवरचं घड्याळ होतं, पण त्यातला सेल काढून ठेवलेला होता. "इथे कुणी मिनिटं मोजू नयेत म्हणून," त्या म्हणाल्या. जमिनीवर एक पातळ गादी आणि कोपऱ्यात जाड तपकिरी कागदाचं भेंडोळं. तो कागद बघून आई दारातच थांबली. ती बेतायला वापरते तोच कागद.

उपचारांत बरंच काही होतं. पाय जमिनीवर टेकवून जमीन कशी लागते ते सांगायचं. दोन्ही गुडघ्यांवर आळीपाळीने थोपटायचं. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. आणि शेवटी चित्र. गादीवर कागद अंथरून आईने डोळे मिटून त्यावर निजायचं आणि घरातल्या माणसाने तिच्या अंगाच्या कडेकडेने पेन्सिल फिरवायची. मग आईने उठून त्या आकृतीत खडूंनी रंग भरायचे: जिथे जड वाटतं तिथे एक रंग, जिथे काहीच लागत नाही तिथे दुसरा. दर आठवड्याला नवा कागद. जुने भिंतीवर ओळीने लावलेले.

चित्राचे नियम ठरलेले होते. पेन्सिल डोक्याच्या टोकापासून सुरू करून पुन्हा तिथेच आणायची. मध्ये उचलायची नाही. कुणी बोलायचं नाही. ताई तेवढा वेळ खिडकीकडे तोंड करून बसायच्या.

पहिल्या शनिवारी बाबाही आले होते, तेव्हा चित्र त्यांनी काढलं. ते चष्म्याच्या काचा घासायचं काम करतात, त्यांचा हात अगदी स्थिर असतो. पण आईच्या खांद्यापर्यंत आल्यावर त्यांच्याच्याने पुढे जाववेना. ते उठून जिन्यात जाऊन उभे राहिले. तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं.

"तुझा हात छान आहे गं," ताई माझी पहिली आकृती पाहून म्हणाल्या. मग हसल्या. "पण आई एवढी जाड कुठे आहे?"

मी पाहिलं. आईच्या अंगापासून सगळीकडे दोन बोटं सोडून मी रेघ काढली होती.

"शिवणीची जागा सोडलीस होय?" आई म्हणाली. आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. "हिला मीच शिकवलंय, ताई. लहान मुलांचं असेल तर आणखी जास्त सोडते मी. वाढतं अंग असतं, जागा ठेवावी लागते."

"हे कापड नाही, बाळा," ताई मला म्हणाल्या. "अंगाला लावून काढ."

मी मान हलवली. त्या चुकीचा पुढे मला फार आधार झाला.

३

कारण तिसऱ्या शनिवारी आकृतीत डाव्या मुठीजवळ एक जादा फुगवटा निघाला.

मिटलेल्या मुठीची रेघ सोपी असते. एक गोल उंचवटा, त्यावर बोटांच्या पेरांच्या चार लाटा. त्या दिवशी त्याला चिकटून दुसरा एक उंचवटा होता, लिंबाएवढा. मी काढताना मला काहीच वेगळं वाटलं नव्हतं. पेन्सिल अंगाला लागूनच जात होती. फक्त तिथे जरा वेळ लागला, एवढंच.

"कागद सरकला असेल," ताई म्हणाल्या.

मला वाटलं, सवयीने पुन्हा शिवणीची जागा सोडली असेन. पण शिवणीची जागा कुणी एकाच ठिकाणी सोडत नाही.

आई खडू घेऊन बसली. पायांत हिरवा, छातीत लाल, मुठीत राखाडी. मुठीच्या कडेला आल्यावर तिचा खडू थांबला. तिने त्या दुसऱ्या उंचवट्यात रंग भरला नाही. त्याच्या कडेकडेने खडू नेला आणि वळवला, बटण वाचवून इस्त्री फिरवावी तसा.

चौथ्या शनिवारी तिथे लहानसं मनगट होतं.

४

घरी मात्र सगळं सुधारत होतं, हे मला प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. आईला झोप लागू लागली. ती ताटात वाढलेलं संपवू लागली. एका दुपारी तिने मशीनवरची चादर काढली, बाबांच्या शर्टांची चळत माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ह्यांना कपाट म्हणून काही असतं हे माहीत आहे का?"

"अरे वा! टोमणा!" बाबा आतून ओरडले. "श्वासताईंना पेढे दिले पाहिजेत!"

ते हसत होते आणि चष्मा काढून डोळे पुसत होते.

मग मी बिघडवायला का जाऊ? मी तशीही बोलत नाही. वर्गात बाई हजेरी घेतात तेव्हा माझं "हजर" पहिल्या बाकालाही ऐकू जात नाही. बाबा मला मौनीबाई म्हणतात. एका जादा उंचवट्याबद्दल मी कुणाला काय सांगणार होते?

पाचव्या शनिवारी मनगटाला हात फुटला होता, कोपरापर्यंत. आणि आणखी एक गोष्ट होती. रेघ काढताना मी डावा तळवा आधारासाठी कागदावर टेकवते. त्या दिवशी मुठीजवळ टेकवलेला तळवा उचलताना कागदही थोडा वर आला. तो चिकटला होता. मी पाहिलं तर कागदावर काही सांडलेलं नव्हतं.

मी खाली दवाखान्याच्या बेसिनवर जाऊन हात धुतले. खुर्चीतल्या माणसाच्या दातावर यंत्र घूं घूं करत होतं. मी हाताचा वास घेतला. संत्र्याचा होता. साबणाचा असेल, म्हणून साबण बघायला गेले. बेसिनवर साबण नव्हता.

५

आता धक्क्यावरचं लिहिते.

सगळ्यांना माहीत आहे ते असं: आईच्या डाव्या हातात टिल्लूचा हात होता आणि फळीवर गर्दीत तो सुटला. आईही हेच सांगते. "माझ्या हातून सुटला." बाबांनी तिला एकदाच विचारलं होतं, "असा कसा सुटला गं?" आणि त्याबद्दल ते अजून माफी मागतात.

मी आईच्या मागे होते. मी पाहिलं ते असं: आईच्या खांद्यावरची पिशवी घसरली. तिने टिल्लूचा हात माझ्या डाव्या हातात दिला आणि "जरा धर" म्हणाली. भोंगा वाजत होता, माणसं ढकलत होती. तिने पिशवी सावरली, तिकिटं दाखवली, आणि मागे न बघता डावा हात टिल्लूसाठी मागे केला. मूठ मिटली. आणि ती पुढे गेली.

त्या मुठीत काही नव्हतं. तिला वाटलं, आहे.

टिल्लू संत्र्याची आइसकँडी खात होता. त्याचा हात चिकट झाला होता. मला चिकट अजिबात सोसत नाही. मी त्याचा हात सोडला, फक्त माझा हात फ्रॉकला पुसायला. एवढ्यासाठी.

मी हे कुणालाही सांगितलं नाही. सुरुवातीला कुणी विचारलं नाही म्हणून. नंतर आई सारखं "माझ्या हातून" म्हणायला लागली म्हणून. ते वाक्य तिच्या तोंडून निघालं की प्रत्येक वेळी माझं सांगणं आणखी एक पायरी खाली जायचं.

आणि आता ताई ती मूठ उघडत होत्या. ती उघडली की आई आत बघणार. आत काही नसणार. मग तिला आठवणार.

६

सहाव्या शनिवारी तो हात खांद्यापर्यंत आला. ताई आणि आई बाहेरच्या खोलीत पुढच्या वेळचं ठरवत असताना मी दप्तरातली टेप काढली आणि कागदावरच्या खांद्यापासून मनगटापर्यंत माप घेतलं. सव्वाचौदा इंच.

घरी आईची मापांची वही काढली. टिल्लूचं पान मला माहीत होतं, त्यावर त्याने आईच्या खडूने एक मासा काढलेला आहे. पूर्ण बाही, साडेतेरा.

मला इतकं हलकं वाटलं की मी वहीवर डोकं टेकवलं. जुळत नव्हतं. म्हणजे माझाच हात वेडावाकडा फिरत होता आणि मी उगाच काहीबाही जुळवत होते. मी वही जागेवर ठेवली. माझा गणवेश अंगात घातला आणि आरशासमोर उभी राहिले. आणि माझी बाही मनगटाच्या बरीच वर आलेली दिसली.

आईने तो गणवेश गेल्या वर्षी शिवला होता. मी वाढले होते.

टिल्लूचं ते पान लिहिलं त्याला आता दहा महिने होत आले होते.

७

दोन शनिवार मी पोट दुखतंय म्हणून गेले नाही. त्या दोन्ही दिवशी चित्र काढलं गेलं नाही. नवव्या शनिवारी आई दारात चप्पल घालून उभी राहिली आणि म्हणाली, "तू नसलीस की मला डोळे मिटवत नाहीत." मग मी गेले.

त्या दिवशी ताईंनी मुठीला उघड म्हणून सांगितलंच नाही. त्या आईच्या समोर जमिनीवर बसल्या.

"मुठीला विचारा, तिला काय हवंय."

आईने मूठ मांडीवर घेतली. मग तिचा दंड थरथरायला लागला. मग खांदा, मग हनुवटी.

"येऊ द्या," ताई म्हणाल्या. "थांबवू नका. शरीर राहिलेलं काम पुरं करतंय."

करंगळी आधी सुटली. मग एकेक करून बाकीची. अंगठा सगळ्यात शेवटी. कापडाची वळी खाली पडली. तळवा पांढराफटक होता, त्यावर नखांच्या चार चंद्रकोरी. आई त्याच्याकडे बघत राहिली. तिने तो पालथा केला, पुन्हा उताणा केला.

"रिकामी आहे," ती म्हणाली.

मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कापड कुठे कमी पडलं ते शोधताना ती बघते तसं.

"आता चित्र," ताई हलक्या आवाजात म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या.

आई निजली. उघडा हात कागदावर पसरला. डोळे मिटले. मी डोक्यापासून सुरुवात केली. कान, मान, खांदा, दंड. खाली यंत्र घूं घूं करत होतं, त्याची थरथर पेन्सिलीत येत होती. मनगट. अंगठा. पहिलं बोट. दुसरं. मी बोटांमध्ये नीट शिरून बाहेर येत होते. करंगळीच्या टोकाशी आले. आता आत वळायचं होतं.

पेन्सिल बाहेर वळली.

मी उचलली नाही. नियम होता म्हणून नाही. उचलली असती तर ती रेघ मधेच तुटली असती, आणि मधेच सोडणं काय असतं ते मला माहीत होतं.

लहान बोटं. मनगट. बाही. खांदा. बारीक मान. कान पुढे आलेला. डोक्यावर मागच्या बाजूला जिथे केसांचा भोवरा उभा राहायचा, तिथे पेन्सिल अडखळून छोटा झुपका काढून पुढे गेली. मी फक्त टोकाकडे बघत होते. पण रेघेच्या आतला कागद डोळ्यांच्या कडेला दिसतच होता. आईच्या अंगाखाली कागद गादीत जरासा दबलेला होता, कडेने बारीक सुरकुत्या आल्या होत्या.

त्या दुसऱ्या आकृतीतही कागद दबलेला होता. तशाच सुरकुत्या होत्या.

दुसरा खांदा. दुसरा हात. तो हात लांब केलेला होता. पेन्सिल त्याच्या कडेने गेली आणि मला कळलं की ती कुठे चालली आहे, कारण समोर कागदावर माझा डावा तळवा टेकवलेला होता. मी तो काढून घ्यायला गेले. निघेना. चिकट होतं.

खालचं यंत्र थांबलं. इतकी शांतता झाली की मला खोलीतले श्वास ऐकू आले. मी ते मोजले नाहीत.

८

ताईंनी तो कागद पाहिला. खूप वेळ पाहिला. "आधी एक सावकाश श्वास सोडू या," त्या म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःला तो सोडता येत नव्हता हे मी पाहिलं. मग त्यांनी कागद गुंडाळून सुतळी बांधली. भिंतीवर लावला नाही.

आईचा हात बरा झाला. घरात पुन्हा मशीनचा आवाज येतो. बाबा म्हणतात, "श्वासताई जिंकल्या, आपण हरलो बुवा."

माझी डावी मूठ दुसऱ्या दिवशी सकाळी मिटलेली होती. मी पंधरा दिवस ती फ्रॉकच्या खिशात लपवली. लिहायला उजवा हात असतो, त्यामुळे शाळेत कुणाच्या लक्षात आलं नाही. आईच्या आलं. तिने काही विचारलं नाही. एका सकाळी जुन्या मलमलीची वळी करून माझ्या उशाशी ठेवली.

गेल्या शनिवारी आम्ही तिघं त्या जिन्याने पुन्हा वर गेलो. या वेळी मी कठडा धरला.

"हिचं चित्र कोण काढणार?" ताईंनी विचारलं. त्यांनी बाबांकडे पाहिलं, आईकडे नाही.

"मी," आई म्हणाली. "माझ्याइतकं हिचं माप कुणाला ठाऊक आहे?"

मी निजले. कागद पाठीखाली गार होता. डोळे मिटले. आईची पेन्सिल माझ्या डोक्यापासून निघाली. तिचा हात किती हलका आहे ते मी विसरले होते. कान, मान, खांदा. दंडावरून खाली येताना तिच्या बांगड्या वाजत होत्या. पेन्सिल माझ्या मनगटाशी आली. मुठीशी आली. आणि बाहेर वळली.

मी आवाजावरून ओळखत होते. लहान बोटं. बाही. खांदा. कान.

आई थांबली नाही. तिने पेन्सिल उचलली नाही. कुठल्याही कपड्याची कड काढताना तिचा श्वास जसा चालतो तसाच चालत होता. मला वाटलं, आत्ता नाही बोलले तर कधीच नाही. बोलायचं नाही हा नियम होता.

"आई," मी म्हणाले. "त्याचा हात चिकट होता. म्हणून मी."

पेन्सिल झुपक्याशी आली होती. तिथे ती क्षणभर अडखळली. मग पुढे गेली. पण आता ती रेघ जवळून जात नव्हती. कागदावर तिचा आवाज जरा लांबून येऊ लागला. दोन बोटं लांबून. मग त्याहून जास्त.

"हलू नका," आई म्हणाली. तिचा आवाज बेतायच्या टेबलापाशी असतो तसा होता, स्वतःशीच बोलल्यासारखा. "जागा ठेवते आहे. वाढतं अंग आहे."

ती मला कधीही 'हलू नका' म्हणत नाही. 'हलू नकोस' म्हणते.

मी हलले नाही. माझ्या डाव्या बाजूलाही कुणी हललं नाही.